समारंभाचा किल्ट

आमच्या घरात कपाट नव्हतं. कपाटात ठेवण्यासारखं काही नव्हतं, मग कपाट कशाला. दिवाळीच्या आसपास माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला निघाले की अख्खं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचं. तवा, पातेली, गोधड्या, पाण्याचा ड्रम, दोन कोंबड्या, मी आणि माझी धाकटी बहीण. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, उभी राहिली की तेच घर. पहाटे माय-दादा उसात गेले की मी बहिणीला सांभाळायचे, भाकरी थापायचे आणि दुपारी त्यांच्यामागं मोळ्या बांधायला जायचे. शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव असायचं, मी नसायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर परत आले की बाई म्हणायच्या, "आल्या का पाहुण्या?" वर्ग हसायचा. मीही हसायचे. वर्गात बसायला मिळालं, एवढंच मला पुष्कळ वाटायचं.

हे रडगाणं नाही. मी कुठून आले ते सांगितल्याशिवाय पुढचा माणूस मला कसा दिसला, ते कळायचं नाही. जिच्याकडं अंगावर घालायला शाळेचा ड्रेस आणि लग्नाकार्याचा एक फ्रॉक होता, तिला असा माणूस भेटला, जो कुठं जायचं म्हटलं की चार कपडे बाजेवर मांडून अर्धा दिवस त्यांच्याकडं बघत राहायचा. आणि कपडे तरी कसले, तर घागरे.

म्हणजे गाव घागरे म्हणायचं. ते किल्ट म्हणायचे, गुडघ्यापर्यंतचे, मागं चुण्यांचे, लोकरीचे.

धारूरला किल्ल्याकडं जाणाऱ्या वाटेवर, वस्ती संपते तिथं त्यांचं घर होतं. ओसरी, आत दोन खोल्या, मागं एक खोली भाड्यानं द्यायची. कॉलेजला असताना त्या मागच्या खोलीत मी आणि मनीषा राहायचो. मनीषा माझ्या वर्गातली, तीही ऊसतोड्यांचीच. पहिल्या दिवशी आम्ही सामान घेऊन दारात उभ्या राहिलो, तेव्हा घरमालकानं आमचं नाव-गाव विचारलं नाही. विचारलं, "इस्त्री करता येते?"

मनीषा म्हणाली, "आमच्या घरी इस्त्रीच न्हाई."

"उत्तम. म्हणजे चुकीची सवय नाही."

ते तरुणपणी फौजेच्या बँडमध्ये होते. पिशवीचा बाजा वाजवायचे. काखेत पिशवी दाबायची, तोंडानं हवा भरायची आणि मग ती पिशवी एकाच वेळी रडते आणि मिरवते, तो बाजा. फौजेतून सुटल्यावर वर उत्तरेत, डोंगरातल्या एका शाळेत पोरांचा बँड बसवायची नोकरी लागली. त्या बँडचा पोशाख किल्टचा. ज्या मुलखातून तो बाजा आला, तिथले पुरुष मानाच्या वेळी हेच नेसतात, असं ते सांगायचे. तिकडंच बायको वारली. मग एक पत्र्याची पेटी, चार किल्ट आणि बाजा घेऊन ते धारूरला परत आले. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पाठ फिरली की घागरेवाले. आम्ही दोघी पुढंमागं मास्तरच म्हणायचो.

एरवी ते पायजमा आणि बनियनमध्ये असायचे. किल्ट फक्त समारंभाला. पण समारंभ कशाला म्हणायचं, हे ते स्वतः ठरवायचे. झेंडावंदन हा समारंभ. मतदान हा समारंभ. शेजारच्या शिंप्याच्या आईची मयत हा समारंभ. पुढाऱ्याचा वाढदिवस नाही. "जन्म त्यांचा, मी कशाला तयारी करू?" आणि सगळ्यात मोठा समारंभ म्हणजे पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाणं.

"आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगायला जायचं," ते म्हणायचे. "ते काय पायजम्यात सांगायचं?"

बाजेवर चार किल्ट शेजारी शेजारी अंथरलेले मला अजून दिसतात. हिरवा, पातळ, उन्हातल्या कार्यक्रमांचा. राखाडी, मयतीचा. तांबडा, लग्न आणि बारशाचा. हा वापरून वापरून मऊ पडला होता. त्यात पंगतीला मांडी घातली तरी चालायचं. आणि चौथा काळा. अगदी काळाही नाही. काळ्यात बुडालेला निळा चौकडा आणि त्यातून एक बारीक पिवळी रेघ. तो सगळ्यात जड. मागच्या प्रत्येक चुणीच्या काठावर ती पिवळी रेघ अशी बसवलेली की मास्तर चालायला लागले की रेघा उघडायच्या, मिटायच्या, उघडायच्या. जोंधळ्याच्या उभ्या रानातून कुणी कंदील घेऊन चाललंय असं वाटायचं.

त्या काळ्या किल्टमध्ये ते कधीही बसत नसत. घालून झाला की उतरवेपर्यंत उभे. "बसलं की रेघ मोडली," ते म्हणायचे. "बाकीचे तीन कपडे आहेत. हा समारंभ आहे."

समारंभाच्या किल्टबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. कापडाला वजन हवं, नाहीतर वारं आलं की माणसाआधी कपडाच उत्तर देतो. रंग गडद हवा, कारण फिका रंग आधी स्वतःकडं बघायला लावतो. चौकडा लांबून दिसू नये, जवळ आल्यावर दिसावा. आणि लांबी. लांबी बघायला ते ओसरीवर गुडघे टेकायचे आणि आम्हाला खाली वाकून बघायला लावायचे.

"शिवला का जमिनीला?"

"नाही."

"लांब राहिला का?"

"नाही, मास्तर."

"मग ठीक. जमिनीला शिवायचंही नाही आणि जमिनीपासून लांबही जायचं नाही."

मनीषा फटकळ. ती एकदा म्हणाली, "मास्तर, कुठला बी नेसा, लोकं तुमच्या गुडघ्याकडंच बघत्यात."

"बघू देत. धुतलेले आहेत."

बँकेत त्यांच्याबरोबर मी एकदा गेले होते. काळा किल्ट, पांढरे लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, कमरेला पुढं चामड्याची थैली, वर कडक पांढरा शर्ट. रांगेतला एक जण मागून म्हणाला, "काय बे, तमाशाचा फड उतरला का गावात?"

मास्तर वळले. "उतरला. तुम्ही पुढं या, मागून दिसायचं नाही."

रांग हसली. तो माणूस खरंच पुढं आला आणि नंतर बराच वेळ त्यांना त्या चुण्या कशा घालतात ते विचारत राहिला. बँकेचे साहेब म्हणाले, आजोबा, बसा. मास्तर म्हणाले, "हयात असावं असा नियम आहे, बसावं असा नाही." दाखला झाला. बाहेर आल्यावर ते पायरीवर थांबले, आणि आभाळाकडं बघून, मला नाही, कुणालाच नाही, म्हणाले, "झालं. अजून एक वर्ष."

आठवणी अशा वरखाली येतात. कुठलं आधी, कुठलं नंतर, मला नीट सांगता यायचं नाही. कॉलेजची ती वर्षं आठवली की आधी वास येतो. ओल्या लोकरीचा. मास्तर चुण्यांवर ओलं धोतराचं फडकं टाकून कोळशाची इस्त्री फिरवायचे. वाफ उठायची आणि ओसरीभर पावसात भिजलेल्या मेंढरांचा वास पसरायचा. मी पायरीवर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलेली. पुस्तकात नद्या, पठारं, वारे. समोर बालाघाटचे डोंगर एकामागं एक निळे होत गेलेले. वाफेत ते हलायचे. डोळा लागायचा आणि मला वाटायचं, डोंगरालाही कुणीतरी अशाच चुण्या घातल्यात, एकेक हातानं दाबून, आणि म्हणूनच तोही कधी बसत नाही.

मावळतीला ते बाजा घेऊन किल्ल्याच्या बाजूच्या टेकाडावर जायचे. पायजम्यावरच. तिथं कुणी ऐकायला नसायचं. शेरडं माना वर करायची आणि पुन्हा चरायला लागायची. बाजाचा एक सूर खाली सलग वाहत राहायचा आणि त्याच्यावर दुसरा चढायचा-उतरायचा. दिवाळीच्या दिवसांत खालच्या रस्त्यानं ट्रॉल्या चालू व्हायच्या. माणसं, भांडी, पोरं, शेरडं, सगळं एकावर एक. एकदा कारखान्यावर पोचल्यावर मायचा फोन आला. म्हणाली, "धारूरच्या घाटात डोंगरावरून कुनीतरी वाजवीत हुतं गं. अंधार पडत हुता. मला वाटलं, कुनाची तरी वरात चाललीय वरच्या वर." मी सांगितलं, ते आमचे मास्तर.  ती म्हणाली, "त्येंला म्हनावं, चांगलं वाटलं."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा दसऱ्यानंतर मामाचा फोन आला. थळ आलंय, दिंद्रुडच्या पलीकडचं. पोरगं धडधाकट, ऊसतोडीच्या टोळीत नाव आहे.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर आमच्याकडं लग्नांची घाई उठते. पोराला बायको पाहिजे असते, पण आधी जोडी पाहिजे असते. मी हो म्हटलं असतं तर दिवाळीत लग्न आणि लग्नाच्या हळदीसकट उसाच्या फडात. एप्रिलच्या परीक्षेला मी कुठल्यातरी तळावर मोळ्या बांधत असते. मी नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? दादाला मी कधी उलट बोललेली नव्हते, आणि मामानं शब्द दिलेला होता.

पाहुण्यांना आमचं गाव आडवळणी पडत होतं. चकलांब्याच्या बाजूला कोण येतंय. मामा म्हणाला, पोरगी धारूरला आहे, तिथंच बघू. घरमालकाची ओसरी मोठी आहे. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "या. घर तुमचंच आहे."

त्या सकाळी त्यांनी चारही किल्ट बाजेवर मांडले. एरवी ते आम्हाला विचारायचे, सांगा, कुठला? त्या दिवशी विचारलं नाही. तांबड्यावरून हात फिरवला, बाजूला ठेवला. मग काळा उचलला आणि कोळसे फुलवायला लागले.

मनीषा म्हणाली, "मास्तर, पाहुण्यांत बसायचंय. तांबडा नेसा की."

त्यांनी ओलं फडकं चुण्यांवर टाकलं. वाफ झाली. त्या वाफेत त्यांचं तोंड दिसेना.

दुपारी जीप आली. पोरगं, त्याचा चुलता, आणखी दोघं. चुलता अंगानं भरलेला, बोलणं सगळं त्याच्याच हातात. मामानं सतरंजी टाकली, तक्के लावले. दादा एका बाजूला, माय आतल्या दाराशी. चुलता टेकणार एवढ्यात त्याची नजर मास्तरांवर गेली. ते खांबापाशी उभे होते, काळ्या किल्टमध्ये, ताठ.

"बसा की, फौजी."

"आपण बसा."

"घरधनी उबा अन् आमी बसावं? कसं दिसंल ते?"

"चांगलं दिसेल. बसा."

"कावून, कंबर धरली का?"

"कंबर ठीक आहे. यात बसत नसतात."

चुलत्यानं 'यात' म्हणजे कशात, ते मोज्यांपासून कमरेपर्यंत सावकाश बघितलं. मग मामाकडं बघितलं. मामानं खाली बघितलं.

आमच्याकडं सोयरिकीची रीत सोपी आहे. घरधनी आणि वडीलधारा आधी टेकतो. मग पाहुणे. मग पोरीला पाटावर बसवतात, विचारपूस होते, चहा-चिवडा होतो, आणि जमलं तर सुपारी फुटते. त्या ओसरीवर घरधनीही मास्तर आणि सगळ्यात वयस्करही मास्तर. ते टेकेनात, म्हणून कुणालाच टेकता येईना. कुणी अडवलेलं नव्हतं. सतरंजी होती, तक्के होते. फक्त पहिलं माणूस बसत नव्हतं.

मामानं खुर्ची आणली. "मास्तर, खुर्चीवर तरी टेका."

"छान आहे खुर्ची. तिच्यावर चहाचा ट्रे ठेवा."

आतमध्ये मनीषानं ओढणी तोंडात कोंबली होती. मला हसू येत नव्हतं. मी ट्रे धरून दारात उभी होते, आणि डोक्यात एवढंच होतं, हे बसले की मला पाटावर बसवतील, आणि मी एकदा पाटावर बसले की एप्रिल गेला.

पोरानं मोबाईल काढून मास्तरांचा फोटो घेतला आणि कंटाळून पायरीच्या कडेला टेकलं. चुलता वस्सकन अंगावर गेला, "ऊठ बे! म्होरं म्हातारं मानूस उबं हाय, दिसना का?"

पोरगं उठलं.

चहा सगळ्यांनी उभ्यानं घेतला. उभ्यानं बशीत ओतून घेणं कुणाला जमेना, म्हणून तोंडं भाजली. चुलत्यानं उभ्या उभ्याच विचारायला सुरुवात केली. "कोयता चालतो का पोरीचा?"

दादा म्हणाला, "चालतो."

"एप्रिलात पेपर आहेत तिचे," मास्तर म्हणाले. वेळापत्रक सांगावं तसं.

"पेपराचं काय येवढं. कारखान्यावर वाचायला लई येळ असतो."

आतल्या दारातून मायचा आवाज आला. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नाही. "म्या पाह्यलाय तिथला येळ," ती म्हणाली.

 ऊन ओसरीच्या कडेवरून आत सरकत होतं. मास्तरांच्या चुणीवरची पिवळी रेघ त्या उन्हात पेटल्यासारखी झाली होती, आणि मी तिच्याकडं बघत राहिले. ती हलत नव्हती. चुलता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. बाकीच्या दोघांनी भिंतीला पाठ लावली. मास्तर तसेच. आणि त्यांच्याशेजारी, कधी येऊन थांबला ते मला कळलंच नाही, दादा. तोही तसाच, हात मागं बांधून, सरळ.

शेवटी चुलत्यानं कप खुर्चीवर आदळला. "उबं-उबं सोयरीक व्हत नसती, पाव्हनं. सुपारी कुठं फोडायची, डोस्क्यावर? तुमी या आमच्याकडं. बसून बोलू."

जीप सुरू झाली. मामा मागं धावला, बोलला, हात जोडले, परत आला. "काय केलं ह्ये मास्तर तुमी! हातातलं थळ गेलं! आता चला दाजी, उद्याच जाऊ त्येंच्याकडं."

दादा जागचा हलला नाही. "म्या न्हाई येत."

"कावून?"

"मी दिसभर उसात उबा असतो. ह्ये मास्तर ह्या वयात उबे ऱ्हायले. अन् माझ्या लेकीपायी त्या पाव्हन्यांला चहापुरतं उबं ऱ्हायचं बी जड झालं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती हितंच ऱ्हाईल. पेपर देईल. अन् धाकटी बी हिच्याजवळच ऱ्हाईल आता. ट्रॉलीत न्हाई न्यायची."

मामा पुष्कळ बोलला. दादा एकदा बोलला की संपतं.

मास्तर आत गेले. पायजमा-बनियन घालून बाहेर आले आणि सतरंजीवर धपकन बसले. "आई गं," म्हणाले, आणि दोन्ही गुडघे दाबायला लागले. दादा त्यांच्याशेजारी मांडी घालून बसला. मग माय बाहेर आली, मग मनीषा, मग फुरंगटलेला मामाही. पाहुण्यांचा सगळा चिवडा आम्ही संपवला.

काही दिवसांनी ते किल्ट घडी करून पेटीत ठेवत होते. मी बाजूला वाचत होते. पुस्तकातून डोकं न काढता मी विचारलं, "मास्तर, लग्नाच्या कामाला तुम्ही तांबडा नेसता ना?"

"हो."

"मग त्या दिवशी काळा कावून?"

त्यांनी एकेक चुणी बोटानं सरळ केली. घाई नव्हती कसलीच. बाहेर ट्रॉल्या जात होत्या.

"लग्न कुठं होतं?" ते म्हणाले.

त्या हंगामात माय आणि दादा दोघंच गेले. मी आणि बहीण धारूरलाच राहिलो. एप्रिलमध्ये मी सगळे पेपर दिले आणि भूगोल घेऊन बी.ए. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. माझी बहीण आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.